शुक्रवारचं शटडाऊन आणि शून्य इमारती

“मॅडम, या वेळी तरी मेसेज येणार का?”

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात जेमतेम पर्स टेबलावर ठेवली होती. फोनवर शिंदे सिस्टर होत्या. मोहन्याकडच्या एका ट्रस्टचं छोटं डायलिसिस सेंटर त्या सांभाळतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखीचा. मागच्या महिन्यातल्या शटडाऊननंतर त्या आमच्या सपोर्टच्या नंबरवर कडाडल्या होत्या, तेव्हाही फोन मीच उचलला होता.

“येईल ना. का नाही येणार?” मी म्हटलं.

“मागच्या वेळीही तुमच्याकडून हेच ऐकलेलं. शुक्रवारी पाणी बंद आहे असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. ‘काही भागात’ म्हणे. आम्ही त्या काही भागात आहोत का, एवढंच सांगा.”

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांना शटडाऊन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. दुरुस्तीसाठी मोठ्या जलवाहिनीवरचा एखादा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवतात. त्याच्यापुढच्या सगळ्यांचं पाणी जातं. घरात आपण बादल्या, पिंप, कुकरसुद्धा भरून ठेवतो आणि दिवस काढतो. डायलिसिसचं तसं नाही. त्या मशीनला प्रत्येक पेशंटमागे भरपूर पाणी लागतं, तेही शुद्ध करून. पाणी थांबलं की मशीन थांबतं.

मागच्या वेळी मेसेज आला नाही म्हणून सेंटरने टँकर मागवला नव्हता. दुपारनंतर टाकी आटली. संध्याकाळच्या बॅचला घरी पाठवावं लागलं. त्यातले कदम काका दुसऱ्या दिवशी धाप लागून हॉस्पिटलात दाखल झाले. वाचले. या शुक्रवारी पुन्हा त्यांचाच नंबर होता.

“तुम्ही टाकी भरूनच ठेवा,” मी म्हटलं.

“टाकी अर्ध्या दिवसाची आहे हो. बाकीचं टँकरवर. आणि टँकरला आमच्या ट्रस्टचं ऑफिस मेसेज दाखवल्याशिवाय हो म्हणत नाही. गुरुवारी दोनपर्यंत मेसेज दाखवायचा, नाहीतर पेशंटना फोन करून सांगायचं, येऊ नका. आणि कदम काकांना मी ‘येऊ नका’ नाही सांगणार.”

फोन ठेवल्यावर मी पाणीही न पिता सिस्टीम उघडली.

आमची कंपनी लहान आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका मजल्यावर आम्ही पंधरा-सोळा जण. पाणी वितरण करणाऱ्या एका संस्थेसाठी, नाव सांगत नाही, आम्ही सॉफ्टवेअर केलं आहे. त्यात त्यांच्या सगळ्या पाइपांचा नकाशा आहे. कोणता पाइप कोणत्या पाइपला जोडलेला, कुठे व्हॉल्व्ह, कुठे टाकी, कोणत्या पाइपवर कोणती इमारत. अधिकाऱ्याने व्हॉल्व्ह निवडायचा, तारीख घालायची. मग प्रोग्रॅम शोधतो की हा बंद केला तर कोणाचं पाणी जाईल, आणि त्या सर्वांना मेसेज जातात. हाताने कोणाचं नाव घालायची सोय नाही. ती संस्थेनेच नको म्हणून सांगितली होती, नाहीतर प्रत्येक नगरसेवक आपापली आळी घालायला लावतो.

मी टेस्ट सर्व्हरवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीवर, आंबिवलीकडचा शुक्रवारी बंद होणारा व्हॉल्व्ह निवडला, बटण दाबलं. उत्तर आलं: बाधित इमारती शून्य.

एवढ्या मोठ्या जलवाहिनीवरचा व्हॉल्व्ह बंद होणार आणि एकाही घराचं पाणी जाणार नाही. चुकीचं उत्तर मला सोसतं, कारण ते चुकीचं दिसतं. हे हिरव्या चौकटीत, नीटनेटकं, बरोबरच्या टिकमार्कसकट आलेलं होतं.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रॅम आतल्या आत जे पुटपुटत असतो ते. तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, स्टॅक ओव्हरफ्लो. प्रोग्रॅम मध्येच पडला होता. पडल्यावर त्याच्या हातात काही नव्हतं, म्हणून शून्य. आणि पडल्याचं स्क्रीनवर दिसलं नाही, कारण आमचे मालक प्रधान सर यांचा नियमच होता की क्लायंटसमोर लाल रंग दिसता कामा नये. डेमोच्या दिवशी एकदा एरर आली होती, तेव्हापासून प्रत्येक एरर गिळून वर हिरवी चौकट दाखवायची पद्धत पडली होती. मागच्या महिन्यातही हेच झालं असणार.

स्टॅक ओव्हरफ्लो काय, ते मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या भाषेत सांगते.

तुम्हाला गच्चीची किल्ली हवी आहे. तळमजल्यावर जोशी काकूंना विचारलंत. त्या म्हणाल्या, थांबा, विचारून सांगते. दार उघडं ठेवून त्या पहिल्या मजल्यावर गेल्या. तिथला माणूस म्हणाला, थांबा, विचारून सांगतो. तो दुसऱ्या मजल्यावर. तिथलाही म्हणाला, थांबा. असं वरपर्यंत. जोवर सर्वांत वरच्याकडून उत्तर खाली येत नाही, तोवर प्रत्येक जण जिन्यात ताटकळत उभा. सात मजल्यांच्या सोसायटीत हे चालतं. हजारो मजले असतील तर जिना भरून जातो.

आमचा प्रोग्रॅम असाच होता. एका पाइपला विचारायचं, तुझ्यापुढे कोण? तो आपल्या इमारती लिहून घेतो आणि पुढच्या पाइपला तोच प्रश्न विचारतो. स्वतःच स्वतःला पुन्हा बोलावणाऱ्या अशा फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्याला, रिकर्सिव्ह म्हणतात. उत्तराची वाट बघत उभे राहणारे जिथे उभे राहतात तो स्टॅक. ज्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहिला होता ती साधारण हजार जणांनंतर म्हणते, आता पुरे.

हजार कसे झाले, तेही मला लगेच सापडलं, किंवा सापडलं असं वाटलं. जुन्या लाईनी आम्ही चौकापासून चौकापर्यंत एक नोंद अशा भरल्या होत्या. ही लाईन नवीन. सर्व्हे करणाऱ्यांना सांगितलं होतं, प्रत्येक सांधा नोंदवा. त्यांनी शब्दशः ऐकलं. पाइपचा प्रत्येक तुकडा वेगळा. व्हॉल्व्हपासून टोकापर्यंत दोन हजारांच्या वर तुकडे. मर्यादा हजारची. हिशोब जुळला.

मी प्रधान सरांच्या केबिनमध्ये गेले. सर साठीचे, मूळ ठाण्याचे, माणूस प्रेमळ पण घाईचा.

“मर्यादा वाढव,” माझं पूर्ण ऐकायच्या आत ते म्हणाले.

“किती?”

“किती म्हणजे? भरपूर.”

“भरपूर हा आकडा नाही, सर.”

“अगं मेधा, शंभरपट कर. विषय संपला. एक ओळ बदलायची तर तू चेहरा असा करतेस जसं मी तुझी बदली गडचिरोलीला केली आहे.”

ती एक ओळ मी त्यांच्यासमोरच टेस्ट सर्व्हरवर बदलली आणि बटण दाबलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग बाहेरून नितीनचा आवाज आला. नितीन आमचा टेस्टिंगचा माणूस.

“टेस्ट सर्व्हर गेला! कोणी काय केलं?”

“प्रधान सरांनी,” मी म्हटलं.

“मी?” सर म्हणाले.

भाषेने ‘आता पुरे’ म्हणणं ही सोय असते. ती काढून टाकली की जिना खरंच भरतो आणि मग एक फंक्शन पडत नाही, अख्खा प्रोग्रॅम कोसळतो. मेसेज पाठवणारा भागही त्यातच होता. हे खऱ्या सर्व्हरवर झालं असतं तर त्या दिवशी पूर्ण जिल्ह्यात कोणालाच मेसेज गेला नसता.

“त्या मर्यादेला आता कोणीही हात लावायचा नाही,” सर उभे राहून म्हणाले. “कोणीही म्हणजे कोणीही. मीसुद्धा. दुसरं काय करता येईल?”

“ट्रॅम्पोलिन.”

“मॉलमध्ये मुलं उड्या मारतात ते?”

“तेच.”

हा आमच्या धंद्यातला एक जुना पॅटर्न आहे. पॅटर्न म्हणजे अनेकांनी वापरून ठरून गेलेली पद्धत. पुन्हा जोशी काकूंकडे या. या वेळी त्या ‘थांबा’ म्हणत नाहीत. म्हणतात, माझ्याकडे नाही, पहिल्या मजल्यावर विचारा, आणि दार लावून घेतात. पहिल्या मजल्यावरचा म्हणतो, दुसऱ्यावर विचारा, आणि तोही दार लावतो. जिन्यात फक्त तुम्ही. मजले हजार असोत की लाख, एका वेळी एकच माणूस.

प्रोग्रॅममध्ये असं करायचं तर फंक्शनने पुढच्या फंक्शनला स्वतः बोलवायचं नाही. ‘आता हे विचारा’ अशी एक चिठ्ठी परत द्यायची आणि संपून जायचं. खाली एक साधा लूप बसलेला असतो. तो चिठ्ठी घेतो, काम करवतो, पुढची चिठ्ठी घेतो. प्रत्येक काम एक उडी मारतं आणि पुन्हा त्याच जाळीवर येतं. उंची कधी वाढतच नाही. लाईन जिथे दुभंगते तिथे दोन चिठ्ठ्या मिळतात. एक लगेच करायला घ्यायची, दुसरी बाजूच्या ढिगात टाकायची.

“मग सरळ सगळं नव्यानेच लिही ना,” सर म्हणाले.

“पाइप व्हॉल्व्हला विचारतो, व्हॉल्व्ह टाकीला, टाकी पुन्हा पाइपला. सगळी फंक्शनं एकमेकांत गुंतलेली आहेत. नव्याने लिहिलं तर तपासायला महिना जाईल. ट्रॅम्पोलिनमध्ये प्रत्येकाची फक्त शेवटची ओळ बदलते. गुरुवारी दुपारी दोनच्या आत आपल्याकडे तेवढंच होईल.”

“दोन का?”

मी त्यांना कदम काकांबद्दल सांगितलं. सर खाली बसले. मग त्यांनी स्वतः संस्थेच्या उपअभियंत्यांना, गायकर साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“गायकर साहेब, शुक्रवारची नोटीस तुम्ही हाताने काढू शकाल का? आमच्या सिस्टीममध्ये जरा...”

“जरा काय?”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, “साहेब, सिस्टीम शून्य इमारती दाखवते आहे. ते चुकीचं आहे.”

गायकर साहेब म्हणाले, “मॅडम, सिस्टीम झिरो दाखवणार, नि मी कागदावर सही करून सांगू की नाही नाही, एवढ्या बिल्डिंगा आहेत? उद्या कोणी विचारलं कुठल्या आधारावर, तर काय सांगू, मॅडमचा फोन आलेला? सिस्टीम नीट करा. मला गुरुवारी बारापर्यंत आकडा द्या. मी एका मिनिटात मंजुरी देतो.”

त्यांचं चुकत नव्हतं. सेंटरला मी खाजगीत फोन करून सांगू शकत होते, पण ट्रस्टला तो चालणार नव्हता. शिवाय त्या लाईनवर आणखी कोण कोण आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? कोणाकडे तान्हं मूल असेल, कोणाकडे अंथरुणावरचं माणूस. ते सांगायलाच तर तो प्रोग्रॅम होता.

बुधवारचा दिवस शेवटच्या ओळी बदलण्यात गेला. काम अवघड नव्हतं, किचकट होतं. एखादी ओळ राहिली तर तेवढाच भाग जुन्या पद्धतीने चालणार आणि कुठे कधी पडेल ते कळणार नाही. मी प्रत्येक फंक्शन दोनदा वाचलं. नितीनने माझ्यामागून तिसऱ्यांदा वाचलं. जुन्या लाईनींवर चालवून बघितलं. आधीचे आकडे आणि आताचे आकडे जुळले, एकाही इमारतीचा फरक नाही. घरी जाऊन स्वयंपाक केला तर आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. नवऱ्याने आमटी तोंडात घातली, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने मिठाची बरणी आणली. त्याच्या एकवीस वर्षांच्या अनुभवाने त्याला कळतं की अशा वेळी बोलायचं नसतं.

गुरुवारी सकाळी मी आंबिवलीचा व्हॉल्व्ह निवडला. नितीन खुर्ची ओढून शेजारी बसला. बटण दाबलं.

पडला नाही.

हजार ओलांडले. दोन हजार. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी किती चिठ्ठ्या झाल्या ते दाखवायला एक आकडा लावला होता, तो मजेत पळत होता.

“मॅडम, चालतंय!” नितीनने टेबलावर थाप मारली. “पार्टी पाहिजे. वडापाव नाही चालणार.”

आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. पंधरा. वीस.

“नितीन, पूर्ण नेटवर्कमध्ये मिळून नोंदी किती?”

“अकरा हजारच्या आसपास. का?”

“मग वीस हजार चिठ्ठ्या कशाच्या?”

थाप मारलेला हात त्याने हळूच मांडीवर घेतला.

पाइप अकरा हजार आणि चिठ्ठ्या वीस हजार. हे गणित कुठल्याच बाजूने बसत नव्हतं. आकडा चाळीस हजारांवर गेला, तरी पळतच होता. जुन्या लाईनी काही सेकंदांत संपल्या होत्या, आणि ही संपण्याचं नाव काढत नव्हती. सापडलेल्या इमारतींचा आकडा मात्र कधीचा एका जागी खिळला होता.

नितीन म्हणाला, “इमारती तर मिळाल्यात ना. थांबवू जबरदस्तीने. आहेत तेवढ्यांना मेसेज टाकू.”

“सगळ्या मिळाल्या हे कसं कळलं?”

“आकडा वाढत नाहीये म्हणजे...”

“डायलिसिस सेंटर शोध त्यात.”

त्याने शोधलं. नाव बदलून शोधलं. ट्रस्टच्या नावाने शोधलं. “नाही,” तो म्हणाला. त्या वेळी त्याचा आवाज मला अजिबात आवडला नाही.

घड्याळात अकराच्या पुढे काटा गेला होता. दोन दिवस मी ज्याच्यामागे धावले तो रोग नव्हताच, किंवा एकटा तोच नव्हता. तुकडे दोन हजार होते हे खरं, मर्यादा हजारची हेही खरं. आकडे जुळले म्हणून मी समाधान मानलं होतं. पण दोन हजार तुकड्यांच्या लाईनीला चाळीस हजार चिठ्ठ्या लागायला नको होत्या.

मी प्रोग्रॅम थांबवला आणि शेवटच्या शंभर चिठ्ठ्या छापायला लावल्या. वाचायला फार वेळ लागला नाही. तेच पाच-सहा पाइप, नाल्याजवळच्या जोडावरचे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. प्रोग्रॅम गोल फिरत होता.

गच्चीची किल्ली मागायला तुम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलात. ते म्हणाले, तिसऱ्यावर विचारा. तिसऱ्याने सांगितलं, दुसऱ्यावर विचारा. जुन्या पद्धतीत माणसं जिन्यात साचत गेली असती, गर्दी झाली असती, आरडाओरडा झाला असता. नवीन पद्धतीत सगळे अदबीने दार लावून घेतात आणि तुम्ही दोन मजल्यांमध्ये आयुष्यभर चढउतार करता. स्टॅक ओव्हरफ्लो ही त्या जिन्यातली गर्दी होती. मी ती मोठ्या कौशल्याने हटवली होती.

सेंटर का सापडलं नाही, तेही कळलं. माझा लूप नवी चिठ्ठी आधी घ्यायचा. ती चिठ्ठी कायम त्या फेऱ्यातलीच असायची. सेंटरच्या गल्लीची चिठ्ठी ढिगात खाली पडून होती. तिचा नंबर कधी लागलाच नसता.

मी गायकर साहेबांना फोन लावला.

“साहेब, नाल्याजवळ आंबिवलीची आणि मोहन्याची लाईन जिथे जोडली आहे, तिथे आमच्याकडे दोन नोंदी आहेत. एक सांगते पाणी इकडून तिकडे जातं. दुसरी सांगते तिकडून इकडे. खरी कुठली?”

“दोन्ही.”

“एकाच पाइपात?”

“अहो मॅडम, एका वेळी नाय!” साहेब हसले. “पाणी पुरत नाय म्हणून पाळ्या लावल्यात. एक दिवस आंबिवलीकडून सोडतो, एक दिवस मोहन्याकडून. त्या जॉइंटवरून कधी इकडं, कधी तिकडं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिशेच्या बाणाला दिवस टाकायला जागाच नाय. आमच्या ऑपरेटरने दोन बाण मारले. त्याने तरी काय करायचं?”

खरंच होतं. पाइपला एकच दिशा असते हे आम्ही ठाण्यात एअर कंडिशनरखाली बसून गृहीत धरलेलं. इकडे पाणी दिवसाआड दिशा बदलत होतं. आणि पाणी कमी असलेल्या गावांत ही काही नवलाची गोष्ट नाही, माझ्या स्वतःच्या सोसायटीतही दोन विंगांना पाळीनेच पाणी सोडतात.

“उद्या पाळी कुणाची आहे?” मी विचारलं.

“कागदावर आंबिवलीची. पण तीच बंद आहे ना. मोहन्याकडून थोडंफार ढकलायला बघू. प्रेशर मिळालं तर जाईल, नाय तर नाय. ते उद्याच कळेल.”

म्हणजे नेमकं उत्तर गायकर साहेबांकडेही नव्हतं.

आता हातात वेळ थोडा आणि उपाय दोन. एक म्हणजे बाणाला दिवस जोडायचा. ते खरं दुरुस्तीचं काम, पण आठवड्याचं. दुसरा म्हणजे प्रत्येक पाइपवर खूण करायची. चिठ्ठी उचलली की आधी बघायचं, हा पाइप होऊन गेला आहे का? झाला असेल तर चिठ्ठी फेकून द्यायची. यात फेरा तुटतो, पण जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे सगळे ‘बाधित’ म्हणून येतात. ज्यांना कदाचित पाणी मिळेल तेसुद्धा.

प्रधान सर दारात उभे राहून ऐकत होते. “म्हणजे काही लोकांना उगाच मेसेज जाईल?”

“जाईल.”

“ते बोंबलतील. पिंपं भरून ठेवायची आणि वर पाणी येणार. क्लायंट मला झापेल.”

“झापेल,” मी म्हटलं. “मागच्या वेळी आपण कोणालाच उगाच त्रास दिला नव्हता, सर.”

फोन चालूच होता हे आम्ही दोघंही विसरलो होतो. गायकर साहेबांचा आवाज आला, “प्रधान साहेब, पिंप भरून ठेवल्याने कोण मरत नाय. आकडा पाठवा.”

खुणेचा कोड चार ओळींचा होता. त्या चार ओळी मी नितीनला मोठ्याने वाचायला लावल्या. एक खूण चुकीच्या जागी पडली असती तर काही पाइप न बघताच ‘झाले’ म्हणून सुटले असते, आणि तेही आम्हाला हिरव्या चौकटीतच दिसलं असतं. जुन्या लाईनींवर पुन्हा चालवलं. आकडे जुळले. मग आंबिवलीचा व्हॉल्व्ह.

या वेळी चिठ्ठ्यांचा आकडा पाच हजारांच्या आतच थांबला. इमारती तीनशेच्या थोड्या वर. नितीनने शोधलं आणि बोटाने दाखवलं. सेंटर होतं.

पण माझा विश्वास बसेना. दोन दिवसांत दोनदा मला ‘झालं’ वाटलं होतं. छापलेल्या नकाशावरून मी त्या लाईनीच्या तीन गल्ल्या निवडल्या आणि त्यातल्या इमारती हाताने ताडून बघितल्या. सर केबिनमधून घड्याळ दाखवत होते, मी तिकडे बघितलंच नाही. तिन्ही गल्ल्या बरोबर निघाल्या. मगच सरांना सांगून ते खऱ्या सर्व्हरवर चढवलं.

गायकर साहेबांना आकडा गेला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी मंजुरी एका मिनिटात देतो म्हटलं होतं. ती यायला अर्ध्या तासाहून जास्त लागला. तेवढ्या वेळात मी तो मेसेजचा स्क्रीन किती वेळा रिफ्रेश केला ते विचारू नका. एकच्या सुमारास मेसेज सुटले. मी शिंदे सिस्टरना फोन केला.

“आला,” त्या म्हणाल्या. “ऑफिसला फॉरवर्ड पण केला. थांबा, टँकरवाल्याशी बोलते आहे,” आणि फोन ठेवून दिला.

शुक्रवारी मला कोणाचाही फोन आला नाही. दिवसभर मी दुसरं काम काढून बसले होते आणि त्यातलं एकही धड केलं नाही. मोहन्याच्या बाजूने पाणी ढकलायचा प्रयत्न झाला. जवळच्या गल्ल्यांत बारीक धार आली, टोकाच्या गल्लीत काहीच नाही. सेंटर टोकाच्या गल्लीत आहे.

शनिवारी मीच फोन केला.

“तिन्ही बॅच झाल्या,” शिंदे सिस्टर म्हणाल्या. “टँकर उशिरा आला, मेला, माझा जीव टांगणीला लागलेला. पण आला. कदम काका चार तास पूर्ण बसले. वर मला विचारतात, सिस्टर, आज चहा मिळणार की त्यालाही शटडाऊन?”

त्यांच्या हसण्यात मी हसले, आणि मग बराच वेळ मला खुर्चीतून उठावंसं वाटलं नाही.

सोमवारी प्रधान सरांनी तक्रारींची मेल माझ्याकडे पाठवली. धार आलेल्या गल्ल्यांतल्या रहिवाशांच्या होत्या त्या. एकाने लिहिलं होतं की आम्ही बाथटबसुद्धा भरून ठेवला आणि पाणी आलंच, तुमच्या सिस्टीमला काही अक्कल आहे का. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर लिहिलं. बाणाला दिवस जोडायचं काम त्याच आठवड्यात सुरू केलं आणि मागच्या पंधरवड्यात ते संपलं. आता पाळीप्रमाणे उत्तर येतं. आणि प्रोग्रॅम मध्येच पडला तर स्क्रीन लाल होते. प्रधान सरांना तो लाल रंग अजून आवडत नाही. त्यांनी छटा थोडी सौम्य करून मागितली, तेवढी मी करून दिली.

ट्रॅम्पोलिन मात्र तसंच ठेवलं आहे, पद्धत चांगली आहे. फक्त कोणी माझ्याकडे येऊन म्हणालं, ‘मॅडम, आता प्रोग्रॅम पडत नाही,’ तर मी लगेच सही करत नाही. तो कुठे थांबतो, ते आधी दाखवायला सांगते.